साडेतीन इंचांची चौकट

जाड पांढऱ्या कागदाचा साडेतीन इंचांचा चौरस तुकडा, बारीक टोकाचे काळे पेन आणि साधी पेन्सिल एवढ्याच साहित्यावर झेंटँगल ही चित्रणपद्धती उभी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणारे रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी ती या शतकाच्या पहिल्या दशकात घडवली. थॉमस या सुलेखनकार; एका मोठ्या अक्षरामागची जागा सूक्ष्म नक्षीने भरत असताना काळाचे आणि भोवतालचे भान सुटल्याचा अनुभव त्यांनी सांगितला आणि पूर्वायुष्यात काही काळ संन्यस्त राहिलेल्या रॉबर्ट्स यांना त्या वर्णनात ध्यानावस्थेची लक्षणे दिसली, अशी या पद्धतीच्या उगमाची हकीकत तिचे प्रवर्तक सांगतात. हकीकतीपेक्षा तिच्यातून काढलेला निष्कर्ष अधिक लक्षणीय आहे, कारण तो अनुभव कोणालाही घेता यावा म्हणून या दोघांनी चित्र काढणाऱ्याचे स्वातंत्र्य वाढवले नाही, उलट ते जवळजवळ सर्व बाजूंनी आवळले. कागदाचा आकार ठरलेला, मूळ पद्धतीत रंग वर्ज्य, खोडरबर वर्ज्य, आणि शेवटी काय दिसायला हवे याची पूर्वकल्पनाही वर्ज्य. या कामातून लाभणारी स्वस्थता हे बहुतांशी या निर्बंधांचेच फळ आहे.

कागदाच्या तुकड्याला या पद्धतीत ‘टाइल’ म्हणतात. मूळ टाइलसाठी फॅब्रिआनो या इटालियन कंपनीचा, मुद्राचित्रणासाठी बनवलेला ‘तिएपोलो’ हा सुती कागद वापरला जातो, तर पेन म्हणून जपानच्या साकुरा कंपनीचे ‘पिग्मा मायक्रॉन ०१’ रूढ झाले असून त्याची रेषा सुमारे ०.२५ मिलिमीटर जाडीची उमटते. या पेनातील शाईत विरघळलेला रंग नसून रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात; पाणी उडून गेले की ते कण कागदाच्या तंतूंना धरून बसतात आणि त्यामुळे वाळलेली रेषा ओलाव्याने पसरत नाही की उजेडाने सहजी फिकट होत नाही. पेनाचे टोक मात्र नाजूक असते. बॉलपेन दाबून लिहिण्याची सवय झालेल्या हाताने ते धातूच्या नळीत आत सरकते आणि पेन निकामी होते, म्हणून दाब कमी करणे ही नवशिक्याची पहिली शिकवण ठरते. हात जिथे थबकतो तिथे शाईचा बारीक ठिपका फुगतो आणि हात जिथे घाई करतो तिथे रेषा विरळ पडते; शांतपणे काढण्याचा उपदेश कोणी न करताही हे साहित्यच हाताला एकसारख्या, सावकाश गतीवर आणून ठेवते.

कामाची सुरुवात पेन्सिलने होते. चारही कोपऱ्यांपासून किंचित आत एकेक फिकट ठिपका दिला जातो, ते ठिपके रेषांनी जोडून चौकट तयार होते आणि त्या चौकटीच्या आत एक मोकळी, वळणे घेणारी रेषा टाकून जागेचे तीन-चार असमान भाग पाडले जातात. या विभाजक रेषेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची मांडणी झाली की आकृतीही बरीचशी ठरून जाते, येथे मात्र ठिपके केवळ हद्द दाखवतात. तरीही या चार ठिपक्यांचे काम मोठे आहे, कारण कोऱ्या कागदापुढे हात अडखळतो तो नेमका पहिल्या खुणेपाशी, आणि येथे ती खूण कोणी, कुठे, कशी करायची हे आधीच ठरलेले असल्याने तो अडखळण्याचा क्षण येतच नाही.

यानंतर पेन हाती घेऊन प्रत्येक भाग एकेका नक्षीने भरला जातो. या नक्षीला ‘टँगल’ म्हणतात आणि तिची अट अशी, की ती कितीही गुंतागुंतीची दिसली तरी ठिपका, सरळ रेषा, इंग्रजी सी व एस या अक्षरांसारखी वळणे आणि वर्तुळ एवढ्याच मूळ खुणांमध्ये तिची फोड करता आली पाहिजे. ‘हॉलिबॉ’ ही नक्षी याचा चांगला नमुना आहे. तिच्यात दोन समांतर रेषांची एक पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत काढतात. दुसरी पट्टी वेगळ्या दिशेने येते, पहिलीच्या काठाशी थांबते, पेन उचलले जाते आणि पलीकडच्या काठापासून ती पुढे चालू लागते. तिसरी, चौथी, पाचवी पट्टीही याच नियमाने काढून उरलेल्या फटी काळ्या शाईने भरल्या, की एकाखाली एक रचलेल्या फळ्यांचा भास होतो. चिकटकामात शेवटी लावलेला तुकडा सर्वांत वर असतो, येथे मात्र सर्वांत आधी काढलेली पट्टी सर्वांत वर राहते आणि प्रत्येक नवी पट्टी अधिकाधिक खोल जाते, त्यामुळे डोळ्यांना खोली दिसत असली तरी हाताला ‘काठ आला की थांबायचे’ यापलीकडे काही ठरवावे लागत नाही.

‘पॅराडॉक्स’ ही नक्षी याहून चकित करणारी आहे. त्रिकोणाच्या एका कोपऱ्यातून निघालेली रेषा पुढच्या कोपऱ्यापाशी न पोचवता त्याच्या थोडी अलीकडे, समोरच्या बाजूवर टेकवली जाते, मग तिथून निघून त्यापुढच्या कोपऱ्याला तशीच हुलकावणी दिली जाते आणि हा क्रम आत आत चालू राहतो. सगळ्या रेषा सरळ असूनही पाहणाऱ्याला पिळाची वक्रता दिसते, याचे कारण भूमितीत आहे: प्रत्येक फेरीत तयार होणारा लहान त्रिकोण आधीच्यापेक्षा थोडा वळलेला असतो आणि सोडलेल्या अंतराचे बाजूशी असलेले प्रमाण कायम राखले, तर या त्रिकोणांचे कोपरे स्थूलमानाने लॉगरिदमिक सर्पिलावर पडतात. काढणाऱ्याला यातले काहीही ठाऊक असण्याची गरज नसते, आणि बहुतेकांना ते नसतेही.

खोडरबर नसल्यामुळे हुकलेल्या रेषेचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. तिच्या शेजारून समान अंतर राखून दुसरी रेषा नेणे, ज्याला ‘ऑरा’ म्हणतात, किंवा तीच हूक पुढे मुद्दाम पुन्हा पुन्हा काढून तिला नक्षीचाच भाग करणे, हे नेहमीचे उपाय होत. शाई पूर्ण वाळल्यावर पेन्सिलने छायांकन केले जाते आणि कागदाच्या घट्ट गुंडाळीने ती छाया पुसट पसरवली जाते. जिथे एक पट्टी दुसरीखाली जाते तिथे नखभर छाया पडली, की तोवर सपाट असलेली नक्षी कागदावरून उठते. नवशिक्यांच्या कामात सर्वाधिक फरक पडतो तो या शेवटच्या टप्प्याने आणि सर्वाधिक घाईही, दुर्दैवाने, येथेच होते.

या छंदाच्या आरोग्यविषयक दाव्यांबाबत सावधगिरी हवी. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८४ विद्यार्थ्यांना आधी चिंताग्रस्त करून मग रंगकाम दिले होते. मंडलाकृती किंवा चौकड्यांची आखीव नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर मुक्तपणे रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. हा प्रयोग रंगवण्यावरचा होता, पेनाने नक्षी काढण्यावरचा नव्हे, आणि वीसेक मिनिटांच्या परिणामावरून उपचाराची भाषा करणे अनाठायी होय; तरी आखून दिलेली रचना मोकळ्या कागदापेक्षा मनाला अधिक निववते, एवढे त्यातून सूचित होते.

टाइलचा आकार हा तपशील म्हणूनच दुय्यम नाही. ती एका बैठकीत पुरी होते, हातात धरून कोणत्याही दिशेने फिरवता येते आणि तिला वरची बाजू अशी नसतेच. समाजमाध्यमांवर दाद मिळवण्यासाठी हीच नक्षी मोठ्या कागदावर, हत्तीच्या किंवा मोराच्या बाह्याकृतीत भरण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यातून देखणी चित्रे निघतात हे खरे. परंतु तिथे आकृतीचा आराखडा आधी करावा लागतो, मोराची मान बिघडली तर ती बिघडलेलीच दिसते, काम चार-चार दिवस रेंगाळते आणि पेन कागदावर टेकवण्याआधी काढणारा पुन्हा थबकू लागतो.