न दिसणाऱ्याचे ज्ञान : सिग्नस एक्स-३

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे अनुमान आपल्याला पाठ आहे. आज आपण असा एक अग्नी घेऊ, जो थेट कुणालाच दिसलेला नाही.

हंस तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षांवर सिग्नस एक्स-३ आहे. १९६६ साली रॉकेटवरच्या उपकरणाला तिथून येणारे क्ष-किरण सापडले. वाटेत धूळ इतकी, की साध्या प्रकाशात काही दिसतच नाही. १९९२ मध्ये अवरक्त वर्णपटावरून कळले, की तिथे वोल्फ-रायेत जातीचा एक अतितप्त, मोठ्या वस्तुमानाचा तारा आहे. त्याचा सोबती लहान पण भारी. तो कृष्णविवर की न्यूट्रॉन तारा, हा वाद चालूच आहे. दोघांची एक फेरी ४.८ तासांची. म्हणजे आपली एस.टी. पुण्याहून नाशिकला पोचेपर्यंत यांची एक फेरी झाली!

या सोबत्याकडून अधूनमधून झोत उसळतात. २००९ मध्ये फर्मी आणि अजिले या दोन उपग्रहांनी तिथून गॅमा किरण येत असल्याचे दाखवले, तेही झोत जोरात असतानाच. पण ते तयार कसे होतात?

ताऱ्याचा अतिनील प्रकाश झोतातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर आदळतो. इलेक्ट्रॉन ही बॅट, प्रकाशकण हा चेंडू. टोला बसला की कणाची ऊर्जा लाखो पटींनी वाढते. आता गंमत बघा. सोबती ताऱ्याच्या मागे, आपल्यापासून पलीकडे गेला, की ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे पाठ करून झोताकडे जातो आणि आपल्या दिशेने येणारे इलेक्ट्रॉन त्याला समोरासमोर भिडतात. टोला तेव्हाच सर्वांत जोराचा. म्हणजे क्ष-किरण मंदावतात, साधारण त्याच वेळी गॅमा किरण वाढायला हवेत. फर्मीला तसेच दिसले.

नुसते ४.८ तास जुळणे पुरेसे नव्हते का? नाही. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या गटाने याच आवर्तनाच्या आधारे कितीतरी जास्त ऊर्जेच्या किरणांचा दावा केला होता. बरीच खळबळ उडाली, पण त्यानंतरच्या अधिक संवेदनशील उपकरणांना तितके जोरदार किरण सापडले नाहीत. आवर्तन हा नुसता धूर. फेरीच्या कोणत्या टप्प्यावर किरण वाढतील आणि का, हे सांगता आले, तेव्हा आपल्या हाती व्याप्ती आली.