जिचं गाणं, तिचं नाव

गाणी रेकॉर्ड करायला आम्ही गावोगाव जातो. गाणं झालं की विचारतो, "ताई, हे कुणी रचलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "कुणी नाही, असंच म्हणतो आम्ही." खोदून विचारलं की कळतं, त्यातल्या चार ओळी ताईंनी स्वतःच जोडलेल्या असतात. म्हणून आज एका वेगळ्या मैफिलीची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचं शहर आहे. तिथे 1982 साली एमी कर्लंड या बाईंनी 'ब्लूबर्ड कॅफे' सुरू केला. जागा लहान, साधारण नव्वद माणसं बसतील एवढीच. पुढे तिथे एक पद्धत पडली. चार गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून बसतात, ऐकणारे त्यांच्याभोवती. हातात साधी लाकडी गिटार. एकजण आपण रचलेलं गाणं म्हणतो, आधी ते कसं सुचलं ते सांगतो. मग पुढच्याची पाळी. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा तिथला नियम.

एवढ्या लहान जागेत लोक कशासाठी येतात? एरवी आपल्याला गायकाचं नाव माहीत असतं, रचणारा मागेच राहतो. इथे रचणारा समोर बसलेला असतो.

रचणाऱ्याच्या नावाला किंमत किती, ते डॉली पार्टन यांच्याकडून कळतं. त्या याच टेनेसीतल्या, डोंगरातल्या गरीब घरच्या, बारा भावंडांतल्या. त्यांचं निरोपाचं एक गाणं 1974 साली आलं. एल्व्हिस प्रेस्ली या फार मोठ्या गायकाला ते गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली, गाण्याचे निम्मे हक्क द्या. डॉलीबाईंनी नकार दिला. त्या रात्री आपण रडलो, असं त्या सांगतात. पुढे 1992 साली व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणं गायलं, जगभर गाजलं, आणि रचनेचे पैसे डॉलीबाईंना मिळाले.

आपल्याकडेही 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. आपण नव्याने रचलेल्या गाण्यावर पहिला हक्क आपला असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. परंपरेने आलेली ओवी सगळ्यांची; पण नवं गाणं रचलं, तर ते कुणाचं हे सांगता यायला हवं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीनंतर अर्धा तास काढा. लाउडस्पीकर नको. चौघीजणी मध्ये बसा, बाकीच्या भोवती. पाळीपाळीने एकेकीने स्वतःचं गाणं म्हणावं. मोबाइलवर रेकॉर्ड करताना आधी नाव, गाव, तारीख बोलावं आणि गाणं कधी सुचलं तेही सांगावं: शेतात, चुलीपाशी की लेक सासरी गेली तेव्हा. एकीने वहीत शब्द उतरवून घ्यावेत. आणि गाणं ग्रुपवर पाठवण्याआधी जिचं आहे तिला विचारावं.

पुढच्या वेळी आम्ही विचारू, "ताई, हे कुणी रचलं?" तेव्हा "असंच" म्हणू नका. आपलं नाव सांगा.