नाणेघाटाची वाट एकदा पायाखाली घाला



पारनेर-नगरकडचा कांदा आणि भाजीपाला आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. त्याच डोंगररांगेत, जुन्नरच्या पश्चिमेला, सुमारे दोन हजार वर्षांची जुनी वाट आहे. ती म्हणजे नाणेघाट. सातवाहन राजांच्या काळी पैठण-जुन्नरचा माल या वाटेने कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरत असे.

यंदा रब्बीची पेरणी आटोपली की मुला-मुलींना घेऊन ही वाट जरूर पाहा. जुन्नरपासून घाटमाथा सुमारे ३० किलोमीटर. सायकलीने जाणार असाल तर पहाटे निघा. रस्ता चढ-उताराचा आहे, म्हणून दोन्ही ब्रेक व चेन आदल्या दिवशीच तपासा. पंक्चरचे सामान, पाणी आणि भाकरी बरोबर असू द्या. घाटघर गावात (अकोल्याचे घाटघर ते वेगळे) विचारून सायकली ठेवा आणि पुढे पायी चला. पावसाळ्यात दगड शेवाळून निसरडे होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरले आहेत. त्या भिंतीवर कोणालाही नाव खरडू देऊ नका.

मग थोडी वाट उतरा. पायाखालची दगडी फरसबंदी आणि वाटसरूंसाठी खडकात खोदलेली पाण्याची टाकी मुलांना दाखवा. नुसती वाट पाडून भागत नाही, ती बांधावी आणि राखावी लागते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आता आपल्या शिवारातली पाणंद आठवा. दोन्हीकडून दर साली एकेक तास आत येतो, चर बुजतो आणि पावसात चिखल होतो. मग तयार झालेला ऊस रानातून बाहेर काढता येत नाही. भांडण कोर्टात जाते आणि दोन्ही घरे खर्चात पडतात.

तेव्हा घाट पाहून आलात की शेजाऱ्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि पाणंदीचा विषय काढा. मोजणी करून हद्द कायम करा. पावसाळ्यापूर्वी दोघांनी मिळून चर उकरा, मुरूम टाका. माल वेळेवर बाजारात गेला तर फायदा दोघांचाही आहे.