फटक्याविना मिळालेला बेस

बेसबॉलमध्ये पहिला बेस गाठायला फटकाच मारावा लागतो असं नाही. पिचरने ठरावीक संख्येने चेंडू बाहेर टाकले, की फलंदाज आरामात चालत बेसवर जातो. याला ‘वॉक’ म्हणतात. अमेरिकेत 1871 साली पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हापासून बराच काळ या वॉकचं श्रेय फलंदाजाला सहसा मिळालंच नाही. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज आणि मुळात क्रिकेटचा वार्ताहर. वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात जात नाही, तशीच वॉककडे पाहण्याची त्याची नजर होती: चूक पिचरची, फलंदाजाचं कर्तृत्व शून्य. फक्त 1887 च्या मोसमात वॉक हा हिट धरला गेला. टिप ओ’नील या फलंदाजाची सरासरी त्यामुळे 0.492 वर पोचली, आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळला गेला.

माझ्या मते चॅडविकची नजर इथे चुकली. वॉक हे निव्वळ पिचरचं दान असतं, तर ते सगळ्यांच्या पदरात कमीअधिक सारखंच पडलं असतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं तीच मोजकी माणसं पुढे दिसतात. बाल्टिमोरचा जॉन मॅग्रॉ 1899 मध्ये 124 वेळा वॉकवर गेला. दर हजार संधींमागे तो 547 वेळा बेसवर होता. हा उच्चांक 1941 मध्ये टेड विल्यम्सने मोडला. बिली हॅमिल्टनने कारकिर्दीत जितके सामने खेळले त्याहून जास्त धावा केल्या, आणि धाव काढायची तर आधी बेसवर असावंच लागतं. मॅग्रॉचा सहकारी ह्यूई जेनिंग्ज तर 1896 मध्ये 51 वेळा अंगावर चेंडू खाऊन बेसवर गेला. याला कोणी कौशल्य म्हणो वा हट्ट, नशीब मात्र म्हणता येणार नाही.

त्या काळचे नियमच वेगळे होते, हा आक्षेप खरा आहे. 1879 मध्ये वॉकसाठी नऊ चेंडू लागत, 1889 पासून चार. 1893 मध्ये पिचरला मागे सरकवून साठ फूट सहा इंचांवर नेलं आणि फलंदाजांचे आकडे फुगले. म्हणून 1876 च्या खेळाडूची तुलना 1894 च्या खेळाडूशी करू नये; त्याच नियमांत खेळलेल्या समकालीनांशी करावी, आणि तिथेही ही मंडळी उठून दिसतात. रॉस बार्न्स या फलंदाजाबद्दल मात्र मी सावध आहे. फटकावलेला चेंडू रेषेच्या आत टप्पा पडून बाहेर वळला, तरी तो फटका तेव्हा वैध होता. त्या फटक्यात तो वाकबगार, आणि 1876 मध्ये त्याची सरासरी 0.429. पुढच्या वर्षी तो फटका बाद ठरला आणि बार्न्स घसरला. अर्थात त्या मोसमात तो आजारीही होता, त्यामुळे सगळा दोष नियमावर टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार. फाउल चेंडूवर, म्हणजे रेषेबाहेर फटकावलेल्या चेंडूवर, तेव्हा स्ट्राइक मोजत नसत; आणि तीन स्ट्राइक झाल्याशिवाय फलंदाज बाद होत नसे. मग चांगले चेंडू मुद्दाम फाउल करत पिचरला दमवायचं आणि वॉक उकळायचा, यात कसली फलंदाजी? फिलाडेल्फियाचा रॉय थॉमस यात इतका तरबेज होता, की अशा फलंदाजांना आवर घालायला नॅशनल लीगने 1901 पासून पहिले दोन फाउल स्ट्राइक धरायला सुरुवात केली. आकडेतज्ज्ञ ज्याला दान समजत होते, त्याची धास्ती नियम करणाऱ्यांनी घेतली होती. थॉमस 1900 मध्ये वॉकच्या यादीत लीगमध्ये पहिला होता. नियम बदलल्यावरही 1901 ते 1904 सलग चार मोसम, आणि पुन्हा 1906 व 1907 मध्ये, पहिला तोच होता.