धंद्याचा फोन बदलायची वेळ आली? दुकानात जाण्याआधी एवढं वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या धंद्यातल्या साधनांच्या खर्चाबद्दल बोललो. त्यात मोबाईलचा विषय दोन मिनिटांत उरकला. खरं तर लोकांचा सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या जागी जातो तो इथेच, म्हणून आज फक्त त्यावर लिहितोय.

तुम्ही घरगुती फराळ करा, साड्या विका, ब्लाऊज शिवा नाहीतर वायरिंगची कामं घ्या. तुमची ऑर्डरची वही, गल्ला, मालाचे फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी हे सगळं एकाच डबीत असतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती डबी बंद पडली असं समजा. चकली कुणाला किती किलो, अ‍ॅडव्हान्स कुणी दिलाय, कुणाचा पत्ता काय, काहीच हाताशी नाही! त्यामुळे फोन बदलायचा का, कुठला घ्यायचा आणि कधी बदलायचा, हे तिन्ही प्रश्न धंद्याचे आहेत.

पहिला प्रश्न: खरंच बदलायचाय का? फोन हळू झाला म्हणजे म्हातारा झाला असं नाही. बऱ्याच वेळा स्टोरेज गच्च भरलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज मॅनेज करायची सोय आहे, ती उघडा. वर्षभराचे गुड मॉर्निंगचे फोटो आणि फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथे ठाण मांडून बसलेले सापडतील. दुपारी तीनलाच चार्जिंग संपत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलायचा दर विचारा. बाकी फोन ठणठणीत असेल तर नव्या फोनच्या मानाने हा खर्च बराच कमी पडतो, आणि आणखी दीड-दोन वर्षं निघून जातात.

पण एका कारणासाठी मात्र फोन बदलावाच लागतो. सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल, तर त्या फोनवर धंद्याची बँक चालवू नका. पुढे पुढे अ‍ॅपही साथ सोडतात. मे २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आयओएस १५.१ पेक्षा जुन्या आवृत्तीवर चालणं बंद केलं, आणि आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस त्या दिवशी धंद्याच्या कामातून बाद झाले. फोन महागाचा होता म्हणून कुणी सवलत दिली नाही.

आता निवड. दुकानात गेल्यावर सेल्समन कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपासून सुरुवात करतो. तुम्ही सुरुवात वेगळीकडून करा. त्याला विचारा, "याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार?" याचं उत्तर कंपनीच्या वेबसाइटवर असतं, तिथे स्वतः तपासा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. पण ते महागडे फोन झाले. आपल्या कामाची बातमी ही, की सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीसारख्या स्वस्तातल्या मॉडेललाही सहा वर्षं देऊ केलीत. त्याच किमतीत दुसऱ्या कंपन्यांचे काही फोन दोन-तीन वर्षांवर थांबतात. एक लक्षात ठेवा, ही वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्त दिसतं, त्यात हा हिशोब लपलेला असतो.

हिशोब करून बघू. १८,००० चा फोन तीन वर्षं चालला तर महिन्याला ५०० रुपये पडले. १२,००० चा फोन दीड वर्षात रडायला लागला तर महिन्याला ६६६. स्वस्त कुठला? आणि ४५,००० चा फोन तीन वर्षं वापरलात तर महिन्याला १,२५०. विकताना थोडे परत येतील हे खरं. तरीही वरचे पैसे तुमचा धंदा कुठून कमावून देणार, याचं उत्तर आधी द्या. तुम्ही रोज रील बनवता, लाइव्ह करून साड्या विकता, दागिन्यांचे जवळून फोटो काढता, तर कॅमेऱ्याला जास्त पैसे घालणं योग्य आहे. मेसचे डबे देत असाल तर नाही. तिथे खिडकीजवळचा उजेड आणि स्वच्छ ताट यानेच निम्मं काम होतं. (चारचौघांत आयफोन दिसावा म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तो खर्च घरखर्चात लिहा, धंद्यात नको.)

रॅमच्या बाबतीत एक गंमत चालते. खोक्यावर "१६ जीबी रॅम" छापलेलं असतं आणि बारीक अक्षरात ८ अधिक ८. त्यातली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, तिला खऱ्या रॅमचा वेग नसतो. खरी ८ जीबी रॅम आणि निदान १२८ जीबी स्टोरेज बहुतेकांना पुरतं. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी २५६ घ्यावं.

दुकानात असतानाच डेमोचा फोन घेऊन उन्हात या. स्क्रीन वाचता येते का? भाजीच्या गाडीवर किंवा साइटवर उभं राहून काम करणाऱ्याला हे मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचं. पिठाच्या, मसाल्याच्या, रंगाच्या कामात असाल तर आयपी रेटिंग बघा. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो: ५ म्हणजे बऱ्यापैकी बचाव, ६ म्हणजे धूळ आत जातच नाही.

आता पैशाची बाजू. "नो कॉस्ट ईएमआय" ऐकून भुलू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज असतंच, ते सूट म्हणून समोरून वळतं केलेलं असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून घेतला जातो आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. रोख पैसे दिले तर किती कमी कराल, हे विचारून मगच ठरवा.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर धंद्याचं नाव आणि जीएसटी नंबर टाकायला सांगा, आणि तेही बिल बनण्याआधी. मोबाईलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २०,००० च्या फोनमध्ये सुमारे ३,०५० रुपये कराचे. फोन धंद्यासाठी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. घरचाही वापर असेल तर तेवढा भाग सोडून. कंपोझिशन स्कीमवाल्यांना आणि ५ टक्के दराने जीएसटी लावणाऱ्या मेस-हॉटेलवाल्यांना हे क्रेडिट नाही. तुमच्या सीएला एक फोन करून खात्री करा.

सेकंड हँड घेत असाल तर पैसे देण्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढा. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर तिथेच कळतं. विकणारा खोकं आणि बिल दाखवायला का-कू करत असेल तर सरळ नमस्कार करून निघा.

आणि आता ज्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते. फोन निवडण्यापेक्षा जुन्यातून नव्यात जाणं अवघड असतं. सीझनमध्ये फोन बदलू नका. मंदीचा आठवडा धरा, त्यातही बँका चालू असतील असा दिवस. नव्या फोनवर यूपीआय चालू करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं, तेव्हा रिचार्ज संपलेला नको. त्यानंतर सुरुवातीला साधारण दिवसभर पैसे पाठवण्यावर कमी मर्यादा असते. त्याच दिवशी होलसेलवाल्याला मोठी रक्कम द्यायची असेल तर आदल्या दिवशीच देऊन टाका. सिमकार्डच नवं काढलंत तर त्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपी नाही. सिम आणि फोन एकाच दिवशी बदलणं म्हणूनच टाळा. दुकानात लावलेल्या क्यूआरवर पैसे येणं यात थांबत नाही, ते खात्याला जोडलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे चॅट अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर न्यायचे असतील तर दोन्ही फोन जवळ ठेवून, चॅट ट्रान्सफरचा क्यूआर स्कॅन करून थेट नेता येतात. गुगलच्या बॅकअपवर विसंबणार असाल तर आधी जागा बघा. फुकटच्या १५ जीबीत जीमेल, फोटो आणि हा बॅकअप सगळे वाटेकरी आहेत. जागा संपली की बॅकअप थांबतो आणि आपलं लक्षही जात नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर नवा आयफोन सेट करतानाच चॅट आणावे लागतात. दुकानातल्या पोराने "मी करून देतो सर" म्हणत घाईने सेटअप उरकला, तर पुन्हा रिसेट मारून सुरुवात करावी लागेल.

चालू ऑर्डर, येणी आणि मोठ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्या आदल्या रात्री कागदावर उतरवा. साधी वही चालेल.

जुना फोन एक्सचेंजला लगेच देऊ नका, पंधरा दिवस घरात ठेवा. कुठल्या तरी अ‍ॅपचा लॉगिन, कुठला तरी फोटो त्याच्यातच राहिलेला निघतो. एक्सचेंजमध्ये दीड-दोन हजार कमी मिळाले तरी मी हेच सांगेन. पंधरा दिवसांनी आधी त्यातून गुगल अकाउंट काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, आणि मगच तो दुसऱ्याच्या हातात द्या. अकाउंट न काढता रिसेट केलात तर घेणारा तुमचाच पासवर्ड मागायला परत येईल.