शब्द हरवतात तेव्हा

मे महिन्यातले नागपूरचे ऊन तुम्हांला माहीत आहेच. पारा ४५ अंशांच्या आसपास! समजा, अशा उन्हातून सीताबर्डीहून घरी आलेला एक गृहस्थ माठाकडे बोट दाखवतो. त्याला ‘माठ’ म्हणायचे असते, पण तोंडातून निघते ‘दार’. पुढे तर शब्दच सापडत नाही. घरच्यांना वाटते, लकवा तर नसेल? अर्ध्या तासाने वाचा परत येते आणि अर्धे डोके ठणकू लागते. ही अर्धशिशीची करामत असू शकते. काहींना ऊन, उपास किंवा जागरण यांमुळे ती उठते.

पण डोकेदुखीचा बोलण्याशी काय संबंध? बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतात. त्यांपैकी एक पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली दाखवून दिले. १९४४ साली लेआंव या ब्राझिली शास्त्रज्ञाला सशाच्या मेंदूवर एक विलक्षण लाट आढळली. तिच्या वाटेवरील चेतापेशी क्षणभर उत्तेजित होतात आणि मग काही मिनिटे गप्प बसतात. अर्धशिशीतही अशीच लाट मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकते, असे आज मानले जाते.

तिचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे ६ सेंटिमीटर जायला किती वेळ लागेल? २० मिनिटे! म्हणूनच लक्षणे हळूहळू पसरतात. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक, मग हाताला मुंग्या, मग बोलण्यात अडखळ. पेशी गप्प होतात, मरत नाहीत. म्हणून साधारण तासाभरात सारे पूर्ववत होते.

लकव्यात मात्र मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. लक्षणे बहुधा एकाएकी येतात आणि रक्तावाचून पेशी मरू लागतात.

मग घरच्या घरी फरक ओळखावा का? मुळीच नाही! दोन्हींची लक्षणे इतकी सारखी असतात की डॉक्टरांनाही तपासणी करावी लागते, मेंदूचे छायाचित्र घ्यावे लागते. गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून कोणाचे बोलणे अचानक बिघडले, तर घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अर्धशिशी निघाली, तर आनंदच आहे. वाट पाहत बसलात आणि लकवा निघाला, तर गेलेल्या पेशी परत येत नाहीत.