दिवाळीची सहल व पाण्याचें पंचांग



दसऱ्याचें सोनें वाटून झालें, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: दिवाळीच्या सुट्टींत जावयाचें कोठें? मुलांच्या शाळा बंद असतात, वडील मंडळींना कचेरींतून चार दिवसांची मोकळीक मिळते, आणि आकाश पावसानें धुऊन निघालेलें असतें. अशा शरद ऋतूंत घरीं बसून राहावें असें कोणालाच वाटत नाहीं. आज मी बोलणार आहें तें याच प्रश्नाविषयीं. आणि उदाहरणासाठीं घेणार आहें पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके.

हा प्रश्न केवळ आपल्याच घरांत पडतो असें नाहीं. ऑक्टोबर महिन्याच्या सुमारास जर्मनी, फ्रान्स, हॉलंड या देशांतील शाळांनाही शरदाची सुट्टी असते, आणि तेथील कितीतरी कुटुंबें ती करमणुकीच्या उद्यानांत घालवितात. कोपनहेगन शहरांतील तिव्होली हें उद्यान १८४३ सालीं उघडलें. हॉलंडमधील एफ्तेलिंग १९५२ सालीं, जर्मनींतील युरोपा पार्क १९७५ सालीं, आणि पॅरिसजवळचें डिस्नेलँड १९९२ सालीं. अलीकडच्या अशा उद्यानांना थीम पार्क म्हणतात. परीकथेंतील राजवाडे, पाळणे, छोट्या आगगाड्या, दिव्यांची रोषणाई, आणि ऑक्टोबर आला कीं भोपळ्यांच्या राशी मांडून केलेली सजावट, असा तो थाट असतो. तेथें जाणारें कुटुंब तारीख ठरवितें, तिकिटें काढतें, रांगा कोणत्या वेळीं कमी असतील याचा हिशेब करतें. हिशेब नीट जमला तर निराशा सहसा पदरीं येत नाहीं. कारण त्या उद्यानाची मूळ कल्पनाच अशी कीं, तिकिटावर जी तारीख असेल त्या तारखेला आनंद हजर असलाच पाहिजे. तेथील राजवाडा पावसाळ्यांत पाण्याखालीं जात नाहीं, आणि तेथील राक्षस हिवाळ्याची वाट पाहत परदेशीं राहत नाहीं.

आपण मात्र कित्येकदां गांवाकडची सहलही याच हिशेबानें ठरवितों, आणि मग फसतों. मी स्वतः फसलों आहें. कांहीं वर्षांपूर्वीं भाऊबीज आटोपून आम्ही मंडळी भिगवणला गेलों होतों. सोलापूरच्या रस्त्यानें पुण्याहून सुमारें शंभर किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यांत, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कांठीं हें गांव आहे. तेथील रोहित पक्ष्यांचीं, म्हणजे फ्लेमिंगोंचीं, चित्रें मुलांनीं पाहिलेलीं होतीं. होडींत बसल्यापासून धाकटी मुलगी दुर्बीण डोळ्यांवरून काढीना. चहूंकडे पाणीच पाणी. गुलाबी रंगाचा ठिपका कोठेंही दिसेना. अखेर तिनें होडी चालविणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारलें, "आजोबा, गुलाबी पक्षी कोठें आहेत?" तो हंसून म्हणाला, "बाळ, आत्ता पानी लय हाय. त्यांचे पाय लांब असले म्हनून काय झालं, तळाला पोचाया नकोत का? पानी उतरूं दे, मग येतील."

त्या एका वाक्यांत जें शास्त्र होतें, तें मी निघण्यापूर्वीं समजून घ्यावयास हवें होतें. तेंच आज आपणांस सांगतों.

उजनीचें धरण भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यांत असून १९८० सालीं तें पुरें झालें. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असें नांव आहे. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. एक अब्ज घनफूट म्हणजे वर्तमानपत्रांत ज्याला एक टीएमसी म्हणतात तें माप. सह्याद्रीवर पाऊस पडतो, पुण्याच्या वरचीं धरणें भरतात, तेथून सोडलेलें पाणी भीमेनें खालीं येतें, आणि चांगल्या पावसाच्या वर्षीं भाद्रपदापर्यंत हा जलाशय कांठोकांठ होतो. दिवाळीला तो भरलेलाच असतो. पुढें रब्बीच्या पिकांसाठीं कालव्यांना पाणी सुटतें, सोलापूरसारख्या शहराला पिण्यासाठीं पाणी जातें, ऊन कांहीं वाफ करून नेतें, आणि पातळी हळूहळू उतरूं लागते. भिगवण, डिकसळ, कुंभारगांव हा भाग धरणाच्या भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या वरच्या अंगाला येतो. तेथें पाणी मुळांतच उथळ. म्हणून पातळी थोडी उतरली तरी चिखलाचे लांबरुंद पट्टे उघडे पडतात.

रोहित पक्ष्याला हवा असतो तो हाच चिखल. त्याची चोंच मध्येंच वांकलेली असते. तो मान खालीं घालून डोकें उलटें करतो, चिखलपाणी तोंडांत घेतो आणि चोंचींतील बारीक दातऱ्यांनीं तें गाळून आंतील शेवाळ व सूक्ष्म जीव तेवढे ठेवून घेतो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच आहारांतून येतो. पाणी खोल असेल तर त्याला तेथें अन्न नाहीं, आणि अन्न नाहीं तेथें तो कशाला येईल? म्हणून सामान्यतः डिसेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष ते फाल्गुन, हा त्याच्या दर्शनाचा काळ. पाऊस लांबला आणि पाणी उतरेना, तर पक्ष्यांचें येणेंही लांबतें. २०२३ सालीं धरण पुरतें भरलेंच नाहीं. अशा वर्षीं चिखल लवकर उघडा पडतो व सारेंच वेळापत्रक बदलतें. पक्ष्यांचें पंचांग पाण्यावरून ठरतें, पाण्याचें पावसावरून. आपल्या सुट्टीचें त्यांत कांहीं चालत नाहीं.

हुरड्याचेंही तसेंच. बारामतीच्या परिसरांत आज शेतावर पाहुणे उतरवून घेण्याचा व्यवसाय चांगला रुजला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकांत बारामतीजवळ पळशीवाडी येथें श्री. पांडुरंग तावरे यांनीं कृषिपर्यटनाचा प्रयोग केला, आणि २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें या व्यवसायासाठीं स्वतंत्र धोरणही जाहीर केलें. अशा ठिकाणीं दिवाळींत जाऊन "हुरडा मिळेल ना?" असें विचारणारे पाहुणे कांहीं थोडे नसतात. पण रब्बीची ज्वारी पेरली जाते भाद्रपद-आश्विनांत. दिवाळीला ती गुडघ्याएवढी झाली तरी पुष्कळ. कणसांत दूध भरून हुरडा व्हावयाला थंडी पडून पौष उजाडावा लागतो.

तर मग दिवाळींत जाऊंच नये काय? अवश्य जावें. मात्र शरदानें जें वाढून ठेवलें आहे तें जेवावें. माघाच्या पानाची मागणी शरदाकडे करूं नये. दोन दिवसांची एक योजना सुचवितों.

पहिल्या दिवशीं भल्या पहाटे निघून सासवड-जेजुरीवरून मोरगांव गांठावें. पुण्याहून हें अंतर सुमारें ६५ किलोमीटर. कऱ्हेकांठचा हा मयुरेश्वर अष्टविनायकांतील पहिला मानला जातो. तेथून जवळच, सुपें गांवाजवळ, मयुरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालीं घोषित झालेलें हें अभयारण्य अवघें पांच चौरस किलोमीटरांचें. पण येथील माळावर चिंकारा हरिण दिसतें, आणि नशीब असेल तर लांडगाही. पावसाळ्यानंतर माळावरचें गवत सोनेरी होऊं लागतें. या दिवसांत तो माळ जितका सुंदर दिसतो तितका उन्हाळ्यांत दिसत नाहीं. ऊन चढण्यापूर्वीं जावें, आवाज करूं नये, आणि हरिण दिसलें तर गाडी त्याच्या अंगावर नेऊं नये.

दुपारीं बारामती. मोरोपंतांनीं आपलें काव्य रचलें तें याच गांवीं, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें. मुक्काम एखाद्या शेतावर करावा. मात्र दिवाळींत खोल्या लवकर भरतात, म्हणून पंधरा दिवस आधीं विचारून ठेवावें. विचारतांना "तुमच्याकडे काय काय आहे?" असें न विचारतां "या आठवड्यांत शेतांत काय चाललें आहे?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला झोपाळे आणि पोहण्याचा हौद असें उत्तर मिळतें, दुसऱ्याला खरें.

या दिवसांत शेतांत चाललेलें असतें तें उसाचें. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दुष्काळी मुलखांत आलें, आणि ऊस त्याच्या पाठोपाठ वाढला. दिवाळीच्या आगेंमागें साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. तेव्हां रस्त्यानें बैलगाड्या व ट्रॅक्टर दिसूं लागतात. त्यांवर भांडींकुंडीं, पालाचें सामान, कोंबडीचें खुराडें, आणि वर बसलेलीं मुलें. हीं ऊसतोड मजुरांचीं कुटुंबें. बीड-नगरकडच्या कोरडवाहू गांवांतून तीं निघतात आणि हंगाम संपेपर्यंत फडावरच राहतात. शरदांत घर सोडून निघालेलीं तीं कुटुंबें आणि आपण एकाच रस्त्यानें जात असतों. आपल्या मुलांनीं खिडकींतून विचारलें, "हींही सहलीला चाललीं आहेत का?" तर विषय बदलूं नये. त्या मुलांची शाळा मागें राहिली आहे, आणि सकाळच्या चहांतील साखर त्यांच्या आईबापांच्या हातून येते, एवढें तरी सांगावें.

दुसरा दिवस भिगवण-कुंभारगांवचा. सूर्योदयाला होडींत असावें. रोहित नसले तरी जलाशय रिकामा नसतो. चित्रबलाक, राखी बगळे, नदीसुरय, शेकाटे, खंड्या यांतील कोणी ना कोणी भेटतेंच. ज्याच्या विरहाच्या कथा आपण ऐकत आलों तो चक्रवाक उत्तरेकडून येतो तो याच सुमारास. मागाहून हिमालय ओलांडून पट्टेरी डोक्याचे हंसही येतात. अंगावर भडक कपडे नसावे. डोक्याला टोपी, बरोबर पिण्याचें पाणी आणि एक दुर्बीण असावी. लाइफ जॅकेट अंगावर चढविल्याशिवाय मुलांना होडींत बसवूं नये. पाणी भरलेलें असतांना तर मुळींच नाहीं. "पक्षी उडवून दाखवा" असा हट्ट नावाड्यापाशीं धरूं नये. दूरवरून उडत आलेल्या पाखराला आपल्या एका छायाचित्रासाठीं पुन्हां उडविणें म्हणजे दमलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठविणें होय. परत आल्यावर एखाद्या कोळ्याच्या घरीं चिलापी मासा व भाकरी आधीं सांगून ठेवल्यास मिळते. शाकाहारी मंडळींची सोयही होते.

त्या पाण्याविषयीं दोन गोष्टी मुलांना सांगितल्याशिवाय परतूं नये.

पहिली अशी कीं, हा जलाशय करमणुकीसाठीं कोणी खणलेला नाहीं. त्याच्या तळाशीं गांवें आहेत. इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ या पाण्यांत गेलें, आणि उन्हाळ्यांत पाणी फार खालावलें म्हणजे तें वर दिसूं लागतें. ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांतील कित्येकांनीं नवीन ठिकाणीं घरें मांडलीं. मला भेटलेला तो म्हाताराही मध्येंच वल्हें थांबवून म्हणाला होता, "हितं खाली आमची विहीर व्हती." त्या ठिकाणीं पाण्याखेरीज दुसरें कांहीं दिसत नव्हतें.

दुसरी गोष्ट आपल्या पुणेकरांच्या अधिक जवळची आहे. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीला. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांतील सांडपाण्याचा बराचसा भाग पुरता शुद्ध न होतां याच वाटेनें खालीं जातो. त्यानें जलाशयांत शेवाळ माजतें, जलपर्णी पसरते, मासळीवर परिणाम होतो. लकडी पुलावरून जातांना आपण नाकाला रुमाल लावतों, तें पाणी तेथें संपत नाहीं. आपण सहलीला निघण्यापूर्वींच तें पुढें पोंचलेलें असतें. कोपनहेगनच्या उद्यानांत आपण केवळ पाहुणे असतों. भिगवणला आपण पाहुणेही असतों आणि वरच्या अंगाचे शेजारीही. म्हणून आपल्या घराच्या, आपल्या पेठेच्या सांडपाण्याचें पुढें काय होतें, याची चौकशी नगरपालिकेकडे करणें हाही या सहलीच्या तयारीचाच एक भाग मी समजतों.

आमच्या धाकटीला मी त्या दिवशीं एक वचन दिलें होतें, तें पुढें माघांत पाळलें. तोच नावाडी, तोच कांठ. पण जेथें दिवाळींत आमची होडी तरंगली होती तेथें आतां चिखलाचा पट्टा होता, आणि त्याच्या कडेला शेंकडों रोहित माना खालीं घालून उभे होते. मुलगी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबा, दिवाळींत आपण आलों नसतों, तर पाणी किती उतरलें तें मला कळलें नसतें."

म्हणून माझी सूचना एवढीच कीं, या मुलखाची सहल एकदां न करतां दोनदां करावी: एकदां शरदांत, भरलेलें पाणी पाहावयाला, आणि एकदां माघांत, तें पाणी कोठें गेलें व त्याच्या जागीं कोण आलें हें पाहावयाला.